तीन नंबरने बेल्ट खाल्ला

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. चाकणहून घरी येताना मोशीच्या सिग्नलला अडकले होते, तेवढ्यात मामेभावाचा फोन. कशी आहेस नाही, काही नाही. "ताई, तीन नंबरने परत बेल्ट खाल्ला."

तीन नंबर म्हणजे पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायच्या त्याच्या चार गाड्यांपैकी एक. मागून लाटांचा आवाज आणि कुणाच्या तरी पोराने पसरलेलं भोकाड. मी विचारलं, जुना बेल्ट कुठे आहे?

"फेकला. त्याचं काय लोणचं घालू?"

आमचं दोघांचं इथेच बिनसतं. मी रबरी पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गिऱ्हाइकाकडून परत आलेले मेलेले पार्ट माझ्या टेबलावर येतात आणि ते कशाने मेले ते मी लिहून द्यायचं. सोळा वर्षं झाली. नवऱ्याच्या भाषेत मी रबराची पोलीस पाटील. त्यामुळे तुटलेली वस्तू न बघता फेकणाऱ्याचा मला राग येतो, मग तो मामेभाऊ का असेना. म्हटलं, नवीन बेल्ट टाक, गाडी चालव, पण हा तुटलेला शोधून ठेव. थर्टी फर्स्टची गर्दी ओसरली की मी येते.

आमचं आजोळ नागावला. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अष्टागरात. नारळ-सुपारीच्या वाड्या, वाडीतून समुद्राकडे जाणारी पायवाट, मध्ये सुरूचं बन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत मामाच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. पोफळीचं रोप आज लावलं तर सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं. मधली वर्षं खायचं काय? भावाने कर्ज काढलं आणि चार सेकंडहँड एटीव्ही, म्हणजे वाळूत पळणाऱ्या उघड्या चारचाकी, आणल्या. चिनी बनावटीचं दीडशे सीसीचं इंजिन, फुगीर टायर, पोपटी रंग. ऑइलपेंटने त्यांच्यावर एक ते चार आकडे घातले. या गाड्यांना पासिंग नाही, रस्त्यावर आणायची सोय नाही. शेडमधून निघायचं, सुरूच्या बनातून वाळूत उतरायचं, चक्कर मारायची, परत.

खरं सांगायचं तर मला या गाड्या आवडत नाहीत. ओहोटीला खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातलेली असते, तिच्यावरून ते टायर गेले की पोटात कसंतरी होतं. पण पोफळी पडल्या तेव्हा मी पुण्यात बसून पगार घेत होते. म्हणून हे मी त्याच्यापाशी कधी काढत नाही.

आता बेल्टचं. बिनगिअरची कुठलीही पेट्रोलवरची स्कूटर चालवणाऱ्याच्या पायाशी हीच यंत्रणा फिरत असते आणि बहुतेकांना तिचा पत्ता नसतो. दोन बशा बुडाला बूड लावून धरा. मध्ये कडेने जी खाच पडते, ती पुली. अशी एक पुली पुढे इंजिनाच्या दांड्यावर, दुसरी मागे चाकाच्या बाजूला, आणि दोन्हींच्या खाचांतून फिरणारा तिरक्या कडांचा रबरी बेल्ट. पुढच्या पुलीच्या पोटात सहा रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात, गोफणीतल्या दगडासारखे, आणि एका बशीला दुसरीकडे ढकलतात. खाच अरुंद झाली की बेल्टला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. पुढे बेल्ट कडेकडे चढतो, मागे स्प्रिंगला दाबत खोल उतरतो. झाला गिअर बदलून. दातेरी चाकं बदलायची नाहीत, खटका नाही, पायाने काही मारायचं नाही.

आपल्याकडे ही जादू घरोघरी पोचवली ती किनेटिक होंडाने, १९८४ मध्ये. आमच्या बाबांकडे होती. मी लहानपणी त्यांना विचारायची, हिचे गिअर गेले कुठे? ते म्हणायचे, "आतल्या आत टाकते ती, आपल्याला कळवत नाही." उत्तर म्हणून इतकं काही वाईट नव्हतं. त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने हेच तत्त्व मोटारीत घातलं होतं, हब व्हान डोर्न यांच्या डोक्यातून निघालेलं. त्या मोटारी जितक्या वेगाने पुढे जात तितक्याच वेगाने मागेही जाऊ शकत. डच लोकांनी पुढे त्यांच्या उलट्या शर्यतीही लावल्या. हे मी एकदा भावाला सांगितलं तर म्हणाला, "इकडे नको सांगूस कुणाला. पर्यटक ऐकतील."

तर, बेल्ट. भावाच्या गाड्यांना लागतो त्याच्यावर ८४२-२०-३० असे आकडे छापलेले असतात. घेर ८४२ मिलिमीटर, रुंदी २०, आणि दोन्ही तिरक्या कडांमधला कोन ३० अंश. त्यातली रुंदी म्हणजे त्याचं आयुष्य. कडा घासून बेल्ट २ मिलिमीटर अरुंद झाला, तर त्या कोनाच्या हिशेबाने तो खाचेत जवळजवळ पावणेचार मिलिमीटर खाली बसतो. म्हणजे पुढच्या पुलीवर पूर्वी जितका वर चढायचा तितका आता चढूच शकत नाही, आणि इंजिन कितीही बोंबललं तरी गाडी पळत नाही. "पिकअप आहे पण टॉपला मरते" अशी तक्रार आली की कार्बोरेटर उघडण्याआधी व्हर्नियर, म्हणजे जाडी-रुंदी मोजायचा चिमटा, काढावा आणि बेल्ट मापावा. आम्ही उलटंच करतो. आधी कार्बोरेटर, मग प्लग, मग पेट्रोल पंपवाल्याच्या नावाने शिव्या, आणि बेल्ट अगदी शेवटी, तो तुटला की.

जानेवारीत गेले. शेडमध्ये काम करणारा पोरगा, असेल एकोणीस-वीसचा, त्याने सुरूच्या मागे टाकलेला बेल्ट शोधून आणला होता. मी तो पायरीवर उन्हात ठेवला आणि चष्मा लावून बसले. कडा काळ्या आणि आरशासारख्या चकचकीत. आतल्या बाजूच्या दात्यांच्या मुळाशी बारीक आडव्या भेगा, एकीशेजारी एक, पूर्ण घेरभर. नखाने दाबलं तर नख उमटेना. रबर जुन्या चपलेच्या टाचेसारखं कडक. जिथे तुटला होता तिथे आतले दोरे पिंजारलेले, बाकी कुठेही कडेचा धागा सुटलेला नाही.

तुटलेला बेल्ट बरंच सांगतो. एकाच कडेचा धागा सुटत गेला असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत, किंवा बशी वाकलेली आहे. एकाच ठिकाणी दोन्ही बाजूंनी खड्डा पडला असेल तर बेल्ट जागच्या जागी अडकला आणि पुली त्याला घासत फिरत राहिली. गाडी वाळूत रुतलेली असताना ॲक्सिलरेटर पिळला की असं होतं. तेलकट असेल तर कुठला तरी ऑइल सील गेलाय. आणि चकाकी, कडकपणा, घेरभर भेगा म्हणजे उष्णता. हा बेल्ट भाजून मेला होता, सावकाश, सगळ्या अंगाने.

आता गरम का झाला? घसरला म्हणून. का घसरला? मी पुढची पुली उघडली आणि रोलर बाहेर काढले. सहाच्या सहा रोलर एका बाजूने खडूसारखे घासून सपाट. सपाट रोलर धड सरकत नाही, बशी अर्ध्यात अडकते, बेल्टवर पुरती पकड बसत नाही, तो घसरतो, तापतो. सापडलं की! मी इतकी खूश झाले की मामीने केलेले घावणे दोन जास्त खाल्ले.

अलिबागहून रोलर आणले, नवा बेल्ट आणला. मागच्या पुलीवर ओला-सुका गंज होता. समुद्राकाठी गाडी चार दिवस उभी राहिली की बशांवर गंजाचा पट्टा उठतो आणि पहिल्या फेरीत तो कानस होऊन बेल्टला सोलतो. मामीची भांड्याची हिरवी घासणी मागून घेतली आणि बशा घासल्या. मामी म्हणाली, आता ही घासणी परत आणू नकोस.

मामा आरामखुर्चीतून बघत होता. मामाची पिठाची गिरणी होती, याच शेडमध्ये. मोटरपासून जात्यापर्यंत कॅनव्हासचा रुंद सपाट पट्टा, जोडावर लोखंडी क्लिपा, आणि प्रत्येक फेऱ्याला ती क्लिप पुलीवरून जाताना टक करून वाजायची. सुट्टीत दुपारी झोपायचो ते त्या टकटकीवर. दळण जास्त पडलं की टकटक मंदावायची. मामा न बघता उठायचा, डब्यातून चिमूटभर राळ घेऊन फिरत्या पट्ट्यावर उधळायचा, आणि टकटक पुन्हा जागेवर. आम्हां पोरांना पट्ट्याच्या आसपास फिरकायची बंदी होती. गावात एकाचं धोतर ओढलं गेल्याची गोष्ट मामा दर सुट्टीत सांगायचा, आणि दर सुट्टीत धोतराबरोबर तो माणूस थोडा जास्त आत जायचा.

"बाय, राळ लाव थोडी," मामा म्हणाला. "घसरायचा बंद होईल."

मी सांगितलं, मामा, हा पट्टा वेगळा. गिरणीचा पट्टा एकाच जागी फिरायचा, त्याला फक्त धरून ठेवायचं होतं. ह्याला धरायचंही आहे आणि बशीवरून वर-खाली सरकायचंही आहे. राळ लावली तर चिकटून बसेल, चढणार नाही. तेल-ग्रीसचा हात लागला तर धरणारच नाही. म्हणून काहीच लावायचं नाही, साबणाने हात धुऊन कोरडा बसवायचा. मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ह्याला सुनेसारखं वागवायचं." मामी आतून काहीतरी बोलली, ते लिहिण्यासारखं नाही.

बेल्ट मी स्वतः बसवला आणि स्वतःच चुकले. नवा बेल्ट घट्ट असतो. बसवताना मागच्या पुलीच्या बशा हाताने फाकवून बेल्ट तिथे तळापर्यंत दाबायचा, म्हणजे पुढे ढील मिळते आणि तो पुढच्या पुलीत खाली, दांड्याजवळ बसतो. मी मागे पुरेसा दाबला नाही. पुढे बेल्टची कड दोन बशांच्या मध्ये चिमटली गेली आणि मी वरून नट आवळला. नट घट्ट लागला, पाना जागचा हलेना. पण तो आवळला गेला होता बेल्टवर, बशीवर नाही. तिसऱ्या फेरीनंतर गाडी खडखडत परत आली. झाकण उघडलं तर नट हाताने फिरत होता आणि बशीच्या आतल्या दात्यांवर पांढरे ओरखडे. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या चुकांचे रिपोर्ट लिहिणारी बाई शेडमध्ये गुडघ्यावर बसून स्वतःचा रिपोर्ट वाचत होती. भाऊ काही बोलला नाही. पोरगा मात्र लक्ष देऊन बघत होता. दुसऱ्यांदा बसवताना मी त्यालाच मागच्या बशा फाकवायला लावल्या, आणि नट आवळल्यावर पुली हाताने फिरवून बेल्ट सैल फिरतोय ना, ते बघितलं.

पुण्याला परतले. बेल्ट पूर्वी दोन आठवडे टिकायचा, हा साडेतीन टिकला. भाऊ खूश. मी अस्वस्थ. एक, दोन आणि चार नंबरचे बेल्ट दिवाळीपासून चालले होते. तीनचा साडेतीन आठवड्यांत मरतो, म्हणजे रोलर हे कारण होतं, पण ते एकटं नव्हतं.

फेब्रुवारीत परत गेले आणि या वेळी आजाऱ्याला सोडून धडधाकटाकडे गेले. एक नंबरचं झाकण उघडलं. आतून मूठभर वाळू सांडली. बेल्टच्या कडा निस्तेज, खरखरीत, उभे बारीक ओरखडे, रुंदी व्हर्नियरवर २० ची १८.४. झिजला होता, बदलायला आला होता, पण वाळूने झिजला होता, चांगल्या हळू मरणाने. रबर अजून मऊ. मग तीन नंबर उघडला. काळी चिकट भुकटी, करपलेला वास, आणि वाळू नाही. कणभरही नाही. तोच किनारा, तीच वाट, तेच पर्यटक, आणि या गाडीच्या पोटात वाळूच नाही!

हे मला जानेवारीतच दिसायला हवं होतं. जे आहे ते बघायची सवय असते आपल्याला. जे असायला हवं आणि नाही, ते नजरेतून सुटतं.

त्या बंद डब्याला श्वास लागतो. पुढच्या पुलीच्या बाहेरच्या बशीला पंख्यासारखी पाती असतात. ती पुढच्या नळीतून हवा ओढतात, बेल्टवरून फिरवतात आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतात. मी एक नंबर स्टँडवर चढवून चालू केली आणि मागच्या जाळीशी तळहात धरला. कोमट वारा, फुंकर घातल्यासारखा. तीन नंबरला हात धरला. काही नाही. बांगडीच्या खालचा केसही हलेना.

सीट काढली. हवा आत येण्याच्या नळीच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवलेला आणि वरून बाइंडिंग वायरचे तीन वेढे, टोकं नीट आत वळवलेली, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. इतकं सफाईदार काम होतं की मला क्षणभर ते कंपनीचंच वाटलं.

मी भावाकडे बघितलं. भावाने पोराकडे बघितलं. पोरगा जमिनीकडे बघत होता.

झालं होतं असं. दिवाळीत तीन नंबरमध्ये वाळू जाऊन बेल्ट फाटला, तेव्हा भाऊ त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडला होता: आत वाळू जातेच कशी? पोराने रात्री बसून वाळू जायची वाट शोधली आणि बंद केली. तीन नंबरच का? कारण ओरडा तीन नंबरवरून खाल्ला होता. त्यानंतर आत वाळू गेली नाही, हे खरंच. हवाही गेली नाही. बेल्ट तापायचा, तापून घसरायचा, घसरून आणखी तापायचा. रोलरही त्याच भट्टीत लवकर गेले असणार.

भाऊ तोंड उघडणार तेवढ्यात मामा खुर्चीतून म्हणाला, "त्याला वाळू दिसली, त्याने वाळू अडवली. तुला काय दिसलं? तू नुसते पट्टे आणलेस." भाऊ टायरची हवा बघायला निघून गेला.

पुढचं काम अर्ध्या दिवसाचं. ट्यूबचा तुकडा काढला. नळी लांबवून सीटच्या खाली उंच नेली, तोंड मागे वळवलं, म्हणजे पुढच्या चाकाने उडवलेली वाळू सरळ आत जाणार नाही. तोंडावर फोमचा तुकडा. तो आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळायचा, सावलीत कोरडा करायचा. ओला बसवला तर तोही हवा अडवणार, म्हणजे ट्यूबने केलं तेच. चारही गाड्यांना असंच. लाटेत गाडी घालायची नाही ही पाटी भावाने लावली, ती पर्यटक वाचत नाहीत. पाणी आत गेलंच तर खालचा बूच काढून ते सोडायचं, आणि गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन थोडं फिरवून बेल्ट सुकवायचा. नव्या बेल्टला पहिले दोन दिवस शंभर किलोचे काका आणि त्यांची दोन मुलं एकदम बसवायची नाहीत. ही शेवटची अट सीझनमध्ये पाळली जाईल असं मला वाटत नाही.

बेल्टच्या किमतीवरूनही आमचं वाजलं. भाऊ सगळ्यात स्वस्त आणतो. मी एक महाग आणि एक स्वस्त, दोन्ही मेलेले बेल्ट त्याच्यासमोर कापले. दोन्हींचं रबर लांबून सारखंच, फरक आतल्या दोऱ्यात. स्वस्तात पॉलिस्टर, महागात अरॅमिड. १९६५ मध्ये ड्यूपॉण्टच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक नावाच्या बाईला जो अतिमजबूत धागा सापडला, ज्याची पुढे बुलेटप्रूफ जाकिटं झाली, केवलार, त्याच्या कुळातला. पॉलिस्टरचा दोरा तापल्यावर ताणतो, अरॅमिड फारसा ताणत नाही. भाऊ दोन्ही दोरे ओढून बघत म्हणाला, "म्हणजे बंदुकीची गोळी अडवेल, पण बदलापूरच्या ग्रुपला नाही अडवणार." तरी चार महाग बेल्टांची ऑर्डर त्याने दिली. दोन माझ्या कार्डावर.

निघताना पोरगा बॅग गाडीत ठेवायला आला. बॅग ठेवली तरी जाईना. म्हणाला, ताई, ते मापायचं असतं ते केवढ्याला मिळतं? मी माझ्या पर्समधला जुना व्हर्नियर त्याला दिला, डिजिटल नाही, साधा. आकडे कसे वाचायचे ते बोनेटवर बसून दाखवलं. शून्याची रेघ कुठे आहे ते बघ, मग खालच्या रेघांतली कुठली वरच्या रेघेला तंतोतंत भिडते ते बघ. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा माझ्या बांगडीची जाडी बरोबर सांगितली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाळ्याआधी गाड्या विटांवर चढवायच्या बेतात असताना, पोराने एक फोटो पाठवला. तीन नंबरचं उघडं झाकण, करड्या कडांचा बेल्ट, त्याला लावलेला व्हर्नियर, आणि कोपऱ्यात मामाचा पाय. खाली लिहिलं होतं: १८.९. चालेल का?

मी लिहिलं, हा सीझन काढेल. पावसाळ्यात काढून खिळ्याला लटकव, घडी घालू नको.

उत्तर आलं: खिळ्यावर आजोबांचा गिरणीचा पट्टा आहे. दुसरा खिळा मारतो.